सहा हजार फुटांवरची पत्ती

(लातूर. मलप्पांच्या चहापत्तीच्या दुकानामागची खोली. टेबलावर पांढरा कागद, चिमटा, छोटा वजनकाटा. कोपऱ्यात ओव्हन चालू.)

शिवकन्या : ...आणि हे मोजून लिहिलंय, काका. पन्नास ग्रॅम पत्तीत लिंबाच्या बिया दोन, पुदिन्याच्या काड्या चार, माशीचे पंख तीन, कागदी रुमालाचा तुकडा एक. आणि दात कोरायची काडी एक. टोक चावलेलं.

मलप्पा : माशी कुठंबी पडती. डोंगरात माशा नसत्यात व्हय?

शिवकन्या : असतील.

मलप्पा : लिंबाची झाडंबी असतील बागंत.

शिवकन्या : असतील. पण दात कोरायची काडी कुठल्या झाडाला लागते?

महानंदा : अगं बाई, त्यो चिमटा माझ्या स्वयंपाकघरातला न्हाई ना?

शिवकन्या : कॉलेजातला आहे, काकू.

महानंदा : मग ठेव. ती काडी हिकडं आणू नको.

मलप्पा : शिवे, तुझं म्हननं काय हाय ते सरळ सांग.

शिवकन्या : ही पत्ती एकदा उकळलेली आहे. कुठल्यातरी मोठ्या हॉटेलातल्या किटल्यांमधली. लोक चहा पिऊन उठले, चोथा कुणीतरी गोळा केला, वाळवला, रंग लावला आणि 'सहा हजार फुटांवरची बाग' म्हणून डब्यांत भरला.

महानंदा : कुणीतरी म्हंजी माझा भाऊच ना? नाव घे की.

शिवकन्या : सोमेशमामांनी आणली, एवढंच मला माहीत आहे. केली कुणी, ते माहीत नाही.

महानंदा : त्यो सोता डोंगरावर जाऊन आलाय. फोटू दाखवला की मला. ढगात उभारलाय.

शिवकन्या : मीही पाहिला. ढग आहेत. चहाचं एक झुडूप नाही.

मलप्पा : अन् मी काय आंधळा हाय? तीस वर्सं पारख करून राहिलोय. उकळून बघनारे लई हायत. मी कोरडी पत्ती चिमूटभर दाढंखाली धरतो, चावतो, अन् सांगतो कुठल्या मळ्यातली.

शिवकन्या : ही चावलीत?

मलप्पा : दर डब्यातली. चार महिने.

शिवकन्या : कशी लागली?

मलप्पा : मऊ. तुरट अजिबात न्हाई. सोमेश म्हनला, उंचावरची पत्ती सौम्यच असती...

महानंदा : अय्यो, शिवा शिवा!

मलप्पा : गप.

महानंदा : आवं, तुमी लोकाच्या पंगतीला बसत न्हाई. माझ्या माहेरी पानी प्यायच्या आधी तांब्या तीनदा घासायला लावता. अन् चार महिने परक्यांचं उष्टं चघळलं?

मलप्पा : गप म्हनलं ना! ...शिवे, पानी दे जरा. चूळ भरायला.

शिवकन्या : अजून सिद्ध व्हायचंय, काका.

मलप्पा : ते तुझ्या कागदाला. माझ्या तोंडाला कळलं. ...थू! हे जिभंवरनं जाईना की.

शिवकन्या : मग डबे उतरवून घ्या.

मलप्पा : कसं उतरवू? टेम्पो दारात उभाय. निलंग्याकडच्या मठात उद्या पाद्यपूजा. स्वामीजींला अन् समद्या भक्तांला ह्योच चहा. शब्द दिलाय मी.

शिवकन्या : म्हणजे तुम्ही चूळ भरायची, आणि स्वामीजींनी हे प्यायचं?

मलप्पा : असं तोडून बोलू नको, पोरी.

शिवकन्या : प्रत्येक डब्यावर माझं नाव आहे. 'तपासणी : शिवकन्या, एम.एस्सी.' छापताना मला विचारलंत?

मलप्पा : लोकं इस्वास ठेवत्यात, म्हनून छापलं.

शिवकन्या : म्हणूनच तपासतेय.

महानंदा : नुस्त्या काडीवरनं माझ्या भावाला चोर करू नका. वाटंत कुनी टाकली आसंल.

शिवकन्या : बरोबर आहे, काकू. काडी पुरेशी नाही. म्हणून तर सकाळपासून ओव्हन चालू आहे. दोन नमुने, आधी नीट कोरडे केलेले, दहा-दहा ग्रॅम. एक आपल्या रोजच्या आसामच्या पोत्यातला, एक मामांच्या डब्यातला. दोन्ही तासभर उकळले, पाणी गाळून टाकलं, चोथा पुन्हा वाळवला. चांगल्या पत्तीतलं साडेतीन-चार ग्रॅम पाण्यात जातं. जिचं आधीच गेलंय, तिचं जाणार काय?

मलप्पा : म्हंजी सहाच्या आसपास उरलं तर टेम्पो सोडायचा.

शिवकन्या : सोडा. मी नाव खोडा म्हणणार नाही. सगळ्यांदेखत माफी मागेन मामांची.

मलप्पा : अन् नऊ उरलं तर?

महानंदा : तर डबे खड्ड्यात. अन् सोमेशला फोन मी लावते, तुमी न्हाई. पन आकडा मीच वाचनार. तुमा दोघांवर माझा भरवसा न्हाई.

शिवकन्या : वाचा. हा आसामचा.

महानंदा : सहा... पॉइंट दोन.

शिवकन्या : काटा शून्यावर येऊ द्या. आला. हा मामांचा.

मलप्पा : डायवर हॉर्न वाजवून राहिलाय. वाच की गं!

महानंदा : थांबा की. आकडा हलून राहिलाय.

शिवकन्या : आता थांबला.

महानंदा : नऊ पॉइंट तीन.