खुणेजवळचा ठिपका

मावशी : काडी अशी धर. पेन्सिल धरल्यासारखी नको. आणि झाकण सगळं उघडू नकोस, अगं! अर्धंच. आतल्या बाळंतिणीला वारा लागतो.

विद्यार्थिनी : बाळंतीण कुठली, मावशी? यीस्ट आहे हे.

मावशी : एकीच्या दोन होतात ना? दोनाच्या चार? मग बाळंतीणच. नऊ वर्षं दर तिसऱ्या दिवशी मी यांचं करतेय, मला नको शिकवूस. मी उद्या निवृत्त झाले की हे तुझ्या गळ्यात. तीस प्लेटा होत्या, एक गेली, एकोणतीस आहेत. एकेक प्लेट म्हणजे एकेक घराणं. प्रत्येकीतला एक ठिपका, म्हणजे एकाच पेशीची सगळी पिलावळ, उचलायचा, नव्या प्लेटवर रेघोट्या ओढायच्या, जुनी उकळायला टाकायची. हं, उचल बघू.

विद्यार्थिनी : हा उचलते. प्लेटच्या पाठीवर शाईची खूण आहे, तिच्या सगळ्यात जवळचा हाच.

मावशी : तो? डोळे आहेत की बटणं? मोहरीच्या पाव दाण्याएवढा मरतुकडा तो. हा कडेचा घे. कसा गुबगुबीत आहे बघ.

विद्यार्थिनी : पण खूण...

मावशी : खूण नवशिक्यांसाठी. ज्यांना नजर नाही त्यांनी खूण बघावी.

विद्यार्थिनी : मावशी, एक मिनिट. तुम्ही नेहमी असाच उचलता? मोठा बघून?

मावशी : मग काय किडका उचलू? म्हणून तर एकोणतीस घराणी आजही उभी आहेत. दुसऱ्या प्रयोगशाळेत निम्मी मेली म्हणे. सर आल्यागेल्याला सांगतात, ‘आमच्या मावशींच्या हाताला गुण आहे.’ ... असं काय बघतेस माझ्याकडे? नाकाला काही लागलंय?

विद्यार्थिनी : हा प्रयोग कशासाठी चाललाय, ते सरांनी तुम्हाला सांगितलं होतं?

मावशी : शाळा तिसरीपर्यंत झाली माझी, डोकं नाही तिसरीत अडकलेलं. प्रत्येक पेशीच्या पोटात तिची एक वही असते. तिचं सगळं त्यात लिहिलेलं. एकीच्या दोन व्हायच्या तर वहीची नक्कल उतरवावी लागते, आणि उतरवताना चुका होतातच. म्हणून मागून एक तपासणारी फिरते, चुका खोडत. सरांनी त्या तपासणारीलाच घरी बसवलंय. आता बघायचं, चुका साचतात किती.

विद्यार्थिनी : आणि चुका साचल्या की पेशीचं काय होतं?

मावशी : काय व्हायचंय? अशक्त होत असेल. वाढत नसेल धड.

विद्यार्थिनी : ठिपका बारीक येतो.

मावशी : बारीक? म्हणजे तो मघाचा मरतुकडा...

विद्यार्थिनी : म्हणून ती खूण, मावशी. कुणी निवड करू नये म्हणून. धडधाकट असो की लुळा, खुणेजवळ जो येईल तो पुढे न्यायचा. तरच सगळ्या चुका मोजता येतात. ज्यांच्या वहीत जास्त चुका होत्या, ते ठिपके तुम्ही नऊ वर्षं उकळत्या पाण्यात टाकलेत.

मावशी : मग सर परवा त्या शास्त्रज्ञांच्या सभेत काय वाचणार आहेत? ते आनंदात होते गं. ‘तपासणारी नसली तरी पेशी स्वतःला सांभाळून घेते,’ असं मलासुद्धा सांगून गेले.

विद्यार्थिनी : पेशीनं नाही सांभाळलं. तुम्ही सांभाळलंत.

मावशी : आणि तुझा तो प्रबंध?

विद्यार्थिनी : त्याच्यावरच उभा आहे. चार वर्षांचा.

मावशी : मग सांगायचं नीट! खुणेजवळचा उचला म्हणाले, कशाला ते नाही म्हणाले. शिकलेल्यांची ही एक खोडच. अर्धं सांगायचं, आणि समोरच्याचं चुकलं की तो अडाणी.

विद्यार्थिनी : मी तुम्हाला अडाणी म्हटलं नाही.

मावशी : तोंडानं नाही म्हटलंस.

विद्यार्थिनी : पहिल्या दिवसापासून असंच उचलत होतात?

मावशी : नाही. आठ महिने खुणेचाच उचलला, मान खाली घालून. मग चौदावं घराणं गेलं. सकाळी कपाट उघडलं तर प्लेट कोरी. सर तेव्हा तापट. सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘तुमच्या हातात मेलं हे.’

विद्यार्थिनी : रागाच्या भरात बोलले असतील. ते मरणं म्हणजेसुद्धा एक आकडाच होता.

मावशी : त्यांचा आकडा. मला ते वाक्य आयुष्यात दोघांनी ऐकवलं. त्यांच्या आधी माझ्या सासूनं.

विद्यार्थिनी : सासूबाईंनी? कशावरून?

मावशी : अकरा दिवसांचा होता. वजन धरलंच नाही त्यानं. ... तू काडी ठेव खाली जरा.

विद्यार्थिनी : ठेवली, मावशी.

(मावशी उबेचं कपाट उघडून आतल्या प्लेटा एकेक करून मोजतात.)

मावशी : काहीच नाही का उरत यातलं?

विद्यार्थिनी : दर सहा महिन्यांनी थोड्या पेशी गोठवून ठेवल्यात. पहिली खेप तुमच्या त्या आठ महिन्यांतली, तेवढी खरी आहे. तिथून पुन्हा सुरुवात करायची.

मावशी : नऊ वर्षांतले सहा महिने.

विद्यार्थिनी : हो.

मावशी : सर वर आहेत का?

विद्यार्थिनी : आहेत, भाषण लिहीत बसलेत. मी सांगते त्यांना, मावशी. तुमचा उद्या निरोप आहे, तो होऊ दे. परवा सभेला निघायच्या आधी...

मावशी : म्हणजे उद्या मी फुलं घेऊन उभी राहायचं, सरांनी माझ्या हाताचे गोडवे गायचे आणि तू मागच्या रांगेत ओठ चावत बसायचं? इतकी लाचार नाही झाले मी अजून. आत्ता जाते. माझ्या तोंडानं सांगते.

विद्यार्थिनी : मी येऊ सोबत?

मावशी : सोबत कशाला? जिना चढता येतो मला. पण आधी ही प्लेट पुरी कर, उघडी पडलीय कधीची.

विद्यार्थिनी : आता काय उपयोग तिचा?

मावशी : उपयोग नाही, ते कळलं. उचल. तो खुणेजवळचा.

विद्यार्थिनी : ... उचलला.

मावशी : हळू ओढ रेघ. एवढासा तर आहे. वाढेल का गं हा?

विद्यार्थिनी : सांगता येत नाही.

मावशी : आणि नाही वाढला तर नोंदवहीत काय लिहायचं?

विद्यार्थिनी : घराण्याचा नंबर, तारीख, आणि ‘मेला’.

मावशी : आणि कुणाच्या हातात, ते?

विद्यार्थिनी : त्याला रकानाच नाही, मावशी.