छत्री आणि सव्वा रुपया

सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत परशुरामपंत ओगले, व्यासपीठावर बसलेले आमच्या प्रवासी मंडळाचे चिटणीस प्रभाकरपंत, उद्या सिलोनला निघणारी बावीस यात्रेकरू मंडळी, आणि त्यांना निरोप द्यायला कामं टाकून आलेल्या नौपाड्यातल्या बंधू-भगिनींनो,

चिटणिसांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही नेमून दिला आहे: तिकडची हवा आणि पैशांची अदलाबदल. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीला मी गेलो होतो, एवढाच माझा अधिकार. एरवी मी मिठागराच्या कचेरीतला कारकून. आज दिवसभर उन्हात वजनं लिहून आलो आहे, तेव्हा बोलण्यात उत्साह कमी वाटला तर तो विषयाचा दोष समजू नये.

आधी हवा. आपण इकडची माणसं दसरा झाला की छत्री गुंडाळून माळ्यावर टाकतो. आपल्याकडचा पाऊस गेला म्हणजे जगातला गेला. आम्ही मार्गशीर्षात गेलो, एकाकडेही छत्री नाही. आणि रामेश्वराच्या बाजूला पाऊस असतो तो नेमका तेव्हाच! धनुष्कोडीला आमची बोट दीड दिवस अडकली. डोक्यावर सतरंज्या घेऊन बसलो होतो. आमचे गुणाजी म्हणाले, "काय हो, आषाढ इथं पायी येतो वाटतं, म्हणून उशीर!" हसू नका गुणाजी, ताप तुम्हालाच आला होता.

तुम्ही माघात निघालात. कोलंबोकडे कोरडं असेल, तरी छत्री घ्या, उन्हाला लागेल. मिठागरात पंचवीस वर्षं काढल्यावर मला वाटत होतं, ऊन आपल्याला कळतं. पण आपल्या खाडीवर वारा घाम पुसतो, तिथं घाम अंगावरच राहतो. अकरा ते तीन बाहेर पडू नका. डोक्याला ओला पंचा बांधा. शहाळं प्या.

शहाळ्यावरून पैशांकडे येतो. तिकडचा रुपया वेगळा, आणि त्याचे आणे होत नाहीत, शंभर सेंट होतात. चार आण्यांच्या जागी पंचवीस सेंट. सगळ्या नोटा एकदम बदलू नका, लागतील तशा बदला, आणि पावती जपून ठेवा. नाणी मात्र धक्क्यावरच्या पैसे बदलायच्या टेबलावर घेत नाहीत. माझी घेतली. का घेतली, हे सांगायला हवं का? निघालंच आहे, तर सांगतो.

आमची मंदाकिनी नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं एकवीस दिवस अंथरुणावर होती. तिच्या आईनं रामेश्वराला सव्वा रुपया बोलला आणि पिवळ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. मुलगी उठली. पण रामेश्वर लांब, आमचा पगार बेताचा. जायला दहा वर्षं लागली. बोटीची तारीख चुकू नये म्हणून आधी सिलोन आणि परतताना रामेश्वर असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो. पुरचुंडी मंदाकिनीच्या आईच्या पदराच्या गाठीत होती.

बोटीवर जवळच्या पैशांचा फॉर्म भरताना मी तिला विचारलं, "तुझ्याजवळ काही पैसे?"

"माझे नाहीत. देवाचे आहेत."

मी सव्वा रुपया धरून आकडा लिहिला. कारकुनाचा हात.

पलीकडच्या धक्क्यावर टेबलाशी उभे राहिलो. मी म्हटलं, "सोड गाठ."

"अहो, ते देवाचं आहे."

"देवाचं असलं तरी नाणंच ना? कागदावर लिहिलंय मी."

तिनं सोडली. टेबलावरच्या माणसाला आपली भाषा येत नव्हती, पण ते पिवळं फडकं त्याला कळलं. "सामी? सामी?" म्हणत त्यानं हात जोडले आणि पुरचुंडी तिच्याकडे सरकवली. ती उचलणार, तोच मी ती परत त्याच्यापुढे ठेवली. फॉर्मवरचा आकडा दाखवला, हट्ट धरला. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग एक रुपया पंचवीस सेंट त्यानं माझ्या हातावर ठेवले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. घसा कोरडा पडला होता. खिशात हाताला तीच नाणी लागली, त्यांतूनच मी दोन शहाळी घेतली. माझं मी प्यायलो. तिनं आपलं हातात धरलं, गाडी येईपर्यंत धरलं, आणि तसंच भरलेलं खाली ठेवलं. परतताना रामेश्वराच्या गाभाऱ्यासमोर मी दुसरा सव्वा रुपया पुढे केला. "तो नव्हे हा," एवढंच म्हणाली. नवस तसाच राहिला.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत, आवरतं घेतो. मंदाकिनीला कल्याणला दिली आहे. तिला सहावा महिना आहे. राहिलेला नवस पोरीच्या बाळंतपणात आड येईल, ही तिच्या आईची धास्ती. देव असा दावा धरत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. पण हे तिला समजावण्याचा अधिकार मी त्या टेबलापाशी घालवून बसलो.

उद्याच्या यादीत सतरावं नाव मंदाकिनीच्या आईचं आहे. माझं नाही. मला रजा मिळाली नाही हे खरं, आणि तिनं चला म्हटलं नाही हेही खरं. या खेपेला रामेश्वर आधी आणि बोट नंतर, अशी विनंती तिनं चिटणिसांना केली, आणि त्यांनी कारण न विचारता कार्यक्रम फिरवला. प्रभाकरपंत, मी आपला फार आभारी आहे.

चार महिने लोकांचे पापड लाटून तिनं स्वतःचा सव्वा रुपया बाजूला काढला. परवा तो बांधत होती, तेव्हा मी म्हटलं, "छत्री ने हो." ती म्हणाली, "माळ्यावरून काढून द्या मग." दोन वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. काढली, काड्या तपासल्या, दोन टाके घातले.

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. आणि उजवीकडे, बायकांच्या रांगेत सतराव्या नावाच्या बाई बसल्या आहेत, त्यांना एक विनंती. देवापुढे उभ्या राहाल तेव्हा त्याला सांगा, चूक करणारा माणूस ठाण्याला घरी आहे, काय बोलायचं ते त्याला बोल, पोरीला नको. नंतर सवडीनं, जमलं तर, तुम्हीही त्याला क्षमा करा. पांबनला गाडी बदलावी लागते. छत्री डब्यात विसरू नका.

नमस्कार.