लाल कल्ले

नाय हो मॅडम, पोट काय दाबून बघता — कल्ले उघडा, कल्ले, लालभडक हायत की नाय? सातपाटीचं पापलेट हाय, अख्ख्या पालघरात असं मिळायचं नाय. धरा पिशवी, दोन घातली. — काय? माझ्या मेघालीच्या शाळेतल्या तुमी? इंग्रजीच्या? अगो बाई! म्हंजे तो इंग्रजी शब्द, ‘बिलाय’, तुमीच शिकवलात! परवा बोंबील वाळत घालताना सांगत व्हती — आई, दिसतं एक नि असतं दुसरं, तवा म्हणायचं बिलाय. कलप लावलेले केस वयाला बिलाय करतात. आणि म्हणाली, हा शब्द माणसाला नाय लावत, दिसण्याला लावतात. बरोबर ना? बरं वाटलं बघा मला ऐकून. का म्हंजे? असंच — म्हटलं, खोटं बोललं ते रूप बोललं, माणूस सुटला. तर पोरगी माझ्या हातांकडं बघून विचारते, “पण रंग कोणी लावला, आई?”

कसला रंग? रंग नाय हो, देवाशप्पथ, रंग मी नाय वापरत — सुरमईचं रगत. ताजी सुरमई कापली की तिचं रगत बर्फातल्या जुन्या पापलेटांच्या कल्ल्यांना बोटानं चोळायचं, बस. बोटी रिकाम्या येतात, मग मी तरी काय करू? सगळ्याच करतात — नाय, सगळ्या नाय करत. ती पलीकडं रंभाबाई बसलीय, ती नाय करत. मी करते. तवापासून मेघाली टोपलीला हात लावत नाय, माझ्या हातचं कालवण घेत नाय, कोरडा भात गिळते नि उठते. बोलत काय नाय. बोलली असती तर भांडले असते. लाज वाटते मॅडम, पोटच्या पोरीसमोर ताट घेऊन बसायची.

— तिनं पाठवलं तुमाला? मेघालीनं? काय म्हणाली? “माझ्या आईकडनं घ्या, माझी आई फसवत नाय”? अशी म्हणाली? वर्गात, सगळ्यांदेखत?

द्या ती पिशवी. द्या म्हणते ना! नाय विकायचं मला. रंभाबाईकडनं घ्या. आणि पोरीला सांगा, तुझ्या आईकडनंच घेतलं, चांगलं निघालं — नको. नको, तसं नका सांगू. काय एक सांगू नका. जा मॅडम, माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहू नका.