अम्मांचा रुसवा

चेन्नईतल्या वेलचेरीहून सुटलेल्या गाडीत समोरच्या बाकावर मराठी ऐकू आलं, तसा वसंतरावांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. कान मोकळेच होते.

"रत्नाताई, शेजारच्या अम्मा रुसल्यात. रोज स्वतःच्या दारात रांगोळी काढून झाली की आमच्याही दारात काढतात. आज आमचं दार कोरडंच ठेवलं!"

"गैरसमज नको करून घेऊस, तनया. रुसून नाही कुणी असं करत."

"मग? मी हसले, तर नुसते हात जोडून आत गेल्या."

"अगं, मयत झालेल्या घराच्या दारात इथं रांगोळी काढत नाहीत."

"काहीतरीच! आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. सासूबाई तर दाराशेजारच्या खिडकीपाशी इतक्या गाढ झोपल्यात, उठवलंसुद्धा नाही मी."

"रोज कधी उठतात?"

"माझ्याआधी."

गाडी थांबायच्या आतच वसंतरावांनी तनयाला उतरायला दाराकडची वाट मोकळी करून दिली.