आईसाठी अथेन्समध्ये खोली

आर्गिरो: हे पांघरूण कुणाचं आहे, स्टमाटिस?

स्टमाटिस: कुठलं पांघरूण?

आर्गिरो: हे. फोन हातात घे आणि नीट बघ. सकाळपासून मी आईसाठी अथेन्समधली स्वस्त हॉटेलं शोधतेय. ओमोनिया चौकातली बघून झाली, स्टेशनजवळची बघून झाली. मला काहीच पसंत पडेना, म्हणून ह्या साइटवाल्यांनी आपण होऊन हे दाखवलं. कुकाकीतला फ्लॅट, अ‍ॅक्रोपोलिस चालत जाण्यासारखं, बाल्कनीत लिंबाचं झाड. आणि पलंगावर लाल पट्ट्यांचं पांघरूण.

स्टमाटिस: ताई, हळू बोल. आई मागे कोंबड्यांपाशी आहे.

आर्गिरो: हळूच बोलतेय. मोठ्याने बोलले असते तर बंदरावर ऐकू गेलं असतं. आईने मागावर बसून विणलंय हे. तुझ्या नव्या घरासाठी. त्यावर आता कोण लोळतं?

स्टमाटिस: देतो मी फ्लॅट कधीमधी पर्यटकांना. त्यात काय एवढं? सगळं अथेन्स देतं.

आर्गिरो: कधीमधी. बरं. खाली लोकांनी लिहिलंय ते वाचून दाखवते. 'स्टमाटिस फार प्रेमळ माणूस आहे. आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर त्याच्या आईने बेटावरून पाठवलेल्या मधाची बरणी होती.' हे कोपनहेगनचे कुणी. तो मध आईने तुला खोकला होता म्हणून पाठवला होता. बोटीवरच्या माणसाच्या हातापाया पडून मी तो पाठवला.

स्टमाटिस: थोडासाच ठेवतो. वाटीभर. लोकांना बरं वाटतं.

आर्गिरो: लोकांना बरं वाटतं. मग हेही ऐक. 'बाहेर कडाक्याची थंडी होती, पण घर अगदी उबदार होतं.' हे कधीचं आहे माहीत आहे? फेब्रुवारीचं.

स्टमाटिस: ताई...

आर्गिरो: फेब्रुवारीत आईची गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, लगेच बोटीचा प्रवास नको, आठवडाभर इथेच राहा. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून तुला फोन केला. तू काय म्हणालास? ताई, पाइप फुटलाय, घरात घोट्याएवढं पाणी आहे. मी तुलाच म्हटलं, बिचाऱ्या, तुझे किती हाल. आणि आईला घेऊन पिरेअसला मारिगो मावशीकडे गेले. आठवडाभर आई त्या सोफ्यावर बसून झोपली. बसून. आडवं झालं की टाके ओढायचे.

स्टमाटिस: तेव्हा बुकिंग होतं. मी काय करणार होतो? एका जर्मन कुटुंबाने आधीच...

आर्गिरो: म्हणजे पाइप फुटला नव्हता.

स्टमाटिस: नाही.

आर्गिरो: एवढं तरी सरळ बोललास. आता ह्या सोमवारी तुला पुन्हा विचारलं, की आईला महिनाभर रोज रेडिएशनला जायचंय, तुझ्या फ्लॅटवर राहू का? तर म्हणालास, भिंतींना ओल आहे, रंगकाम काढलंय, तिला दमट हवा चालायची नाही. वर मला म्हणतोस, तू शांतपणे हॉटेल शोध, मी मदत करतो. आणि काल मला स्वस्त हॉटेलांची नावं लिहून दिलीस. त्यातल्या एकात ढेकूण आहेत. दुसऱ्यात लिफ्ट आहे, पण ती कुणी चालू बघितलेली नाही. तिसऱ्यात संडास कॉरिडॉरच्या टोकाला. सत्तरीच्या बाईने, पोळलेल्या अंगाने, पर्यटकांच्या रांगेत टॉवेल घेऊन उभं राहायचं का?

स्टमाटिस: मला वाटलं होतं, तू एखादं चांगलं निवडशील.

आर्गिरो: माझी बेकरी मी महिनाभर बंद ठेवतेय. ऐन मे महिन्यात, लोक यायला लागले की. माझा नवरा जहाजावर आहे, घराला कुलूप लावणार आहे मी. आणि तुझ्याकडे तिथे भिंती आहेत, छप्पर आहे, लिंबाचं झाड आहे. बाबांचा वरचा द्राक्षमळा विकून घेतलेला फ्लॅट आहे तो. माझाही हिस्सा होता त्यात. आई म्हणाली, त्याला शिकायचंय, आणि आपल्यालाही अथेन्समध्ये एक दार राहील. मी सही करून दिली. एक दार राहील म्हणून.

स्टमाटिस: मळ्याच्या पैशात अर्धाच फ्लॅट आला. उरलेलं बँकेचं आहे. प्लाकातल्या त्या खाणावळीत मी संध्याकाळभर ताटं उचलतो, तो पगार हप्त्यालाही पुरत नाही. पर्यटक आहेत म्हणून फ्लॅट अजून आपला आहे. ऑक्टोबरपर्यंत सगळं भरलंय. मी बुकिंग मोडायला लागलो तर साइटवाले मला यादीत खाली ढकलतात, मग कुणी येत नाही, मग बँकवाले येतात. तुला काय वाटतं, मी तिथे राजासारखा राहतो?

आर्गिरो: मला काय वाटतं ते मी सांगितलं तर...

(मागच्या दाराने त्यांची आई एव्दोकिया अंड्यांची टोपली घेऊन आत येते.)

एव्दोकिया: अंगणात सगळं ऐकू येतं. कोंबड्यासुद्धा गप्प बसून ऐकत होत्या. दाखव तो फोन.

आर्गिरो: काही नाही ग आई, हॉटेलं बघतोय.

एव्दोकिया: गाठ माझ्या छातीला आली होती, कानांना नाही. दाखव.

स्टमाटिस: आई, मी तुला सांगणारच होतो.

एव्दोकिया: लिंब वाढलंय चांगलं. मी लावलं तेव्हा वीतभर होतं. हे पांघरूण उन्हात टाकतोस का कधी? रंग उतरलाय. आणि इथे भिंतीवर तुझ्या बाबांचा फोटो होता, तो दिसत नाही.

स्टमाटिस: कपाटात आहे. जपून ठेवलाय. घरातल्या माणसांचे फोटो असले की पाहुण्यांना परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं.

एव्दोकिया: वाटायलाच हवं. परक्याचंच आहे ते.

आर्गिरो: आई, तू ह्याला काहीतरी बोल. दर वेळी मीच वाईट होते.

एव्दोकिया: बोलते. आधी बसू दे. स्टमाटिस, टोपली घे ती. तू आता राहतोस कुठे?

स्टमाटिस: माहीत आहे की तुला. वासोकडे. किप्सेलीत.

एव्दोकिया: वासोचा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात फोन आला होता मला. सणाच्या शुभेच्छा दिल्या, तब्येत विचारली. मग म्हणाली, काकू, आमचं नाताळाआधीच संपलं, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून मी सांगते. चांगली मुलगी. मी म्हटलं, हा येतोय घरी, आपल्या तोंडाने सांगेल. बकरा खाऊन झाला, लाल अंडी फोडून झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नाचून आलास. मी वाट बघतेय.

आर्गिरो: नाताळाआधी? मग तू राहतोस कुठे?

स्टमाटिस: असाच. इकडे तिकडे.

एव्दोकिया: इकडे तिकडे म्हणजे कुठे? झोपतोस कुठे?

स्टमाटिस: इमारतीच्या तळघरात. पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल ठेवायला एक खोली आहे. तिथे गादी टाकलीय. दोन बुकिंगच्या मधे एखादा दिवस फ्लॅट रिकामा असला की वर येऊन अंघोळ करतो. एरवी खाणावळीत तोंड धुतो.

आर्गिरो: म्हणजे कोपनहेगनवाले वर आईच्या पांघरुणात, आणि तू खाली.

स्टमाटिस: हसू नकोस.

आर्गिरो: हसत नाहीये मी. माझ्या तोंडाकडे बघ. मला तुझा गळा धरावासा वाटतोय. हे आधी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं तुला वाटलं?

स्टमाटिस: आत्ता करतेयस तेच. मला लाज वाटत होती, ताई. आईने मळा विकला आणि मी चादरींच्या गठ्ठ्यात झोपतो, हे कसं सांगायचं? पाइप फुटला हे सांगणं सोपं होतं.

एव्दोकिया: तुला लाज वाटत होती.

स्टमाटिस: हो.

एव्दोकिया: मारिगोच्या घरी मला नाही वाटली? तिचा जावई रोज सकाळी माझ्यासमोरून अर्ध्या कपड्यांत जायचा. माझ्या अंगाला नळी लावलेली, तिची बाटली रुमालाखाली झाकून मी बसलेली. मारिगोने विचारलं, तुझ्या मुलाचा फ्लॅट आहे ना इथे? मी म्हटलं, पाइप फुटलाय ग, बिचाऱ्याचे हाल आहेत. तुझं खोटं मी माझ्या तोंडाने सांगितलं, आणि तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. तिला माहीत होतं, स्टमाटिस. त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीला तुझी दया येत होती.

स्टमाटिस: मी मोडतो बुकिंग. आत्ता मोडतो. साइटवाल्यांना काय करायचं ते करू दे. आई, तू फ्लॅटवर ये.

एव्दोकिया: ठेव तो फोन खाली.

स्टमाटिस: खरंच मोडतो.

एव्दोकिया: ठेव म्हटलं ना. त्या लोकांनी आधी विचारून ठेवलंय, त्यांना रस्त्यावर काढायचं नाही. मी विचारलं नव्हतं. आईला विचारावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

आर्गिरो: आई, ते येऊ देत नाहीतर खड्ड्यात जाऊ देत. तुला तिथे राहायचा हक्क आहे.

एव्दोकिया: हक्क घेऊन मला झोप लागायची नाही. हॉटेलच बघायचं. तू काय काय बघितलंस ते सांग.

आर्गिरो: विक्टोरिया चौकाजवळ एक आहे. कार्दित्साकडची एक बाई चालवते, फोनवर सरळ बोलली. संडास खोलीतच. छोटा फ्रिज आहे. लिफ्ट चालते का विचारलं, तर म्हणाली माझेच गुडघे गेलेत, लिफ्ट बंद पडली तर मीच आधी बोंब मारते. हॉस्पिटलची बस कोपऱ्यावर थांबते. महिनाभर राहणार म्हटल्यावर भाडं बरंच खाली आणलंन.

एव्दोकिया: मग हेच. भाडं हा देईल.

स्टमाटिस: देईन.

एव्दोकिया: आणि तू बेकरी बंद ठेवायची नाहीस.

आर्गिरो: म्हणजे? तुझ्याबरोबर कोण येणार?

एव्दोकिया: हा.

आर्गिरो: हा? आई, तुला कळतंय का काय बोलतेस? फेब्रुवारीत ऑपरेशनच्या दिवशी हा तासभर येऊन गेला. फुलं घेऊन, पाहुण्यासारखा. रात्रंदिवस खुर्चीत मी बसले. तुझं अंग मी पुसलं. आणि आता त्याचं सगळं बाहेर आलं तर बक्षीस म्हणून तूच त्याला मिळालीस?

एव्दोकिया: ह्याला बक्षीस म्हणतेस? महिनाभर माझ्याबरोबर एका खोलीत?

आर्गिरो: चेष्टा करू नकोस माझी.

एव्दोकिया: नाही करत. तू सगळं केलंस, आर्गिरो. मी आंधळी नाही. हिवाळ्यात तुझं वजन उतरलं, ते मला माझ्या गाठीपेक्षा जास्त दिसत होतं. आता मे महिन्यात तुझी भट्टी बंद राहिली, तर तू मला कधी बोलून दाखवणार नाहीस, पण पुढच्या वर्षी पीठ उधार आणशील. ते मला नको. ह्याची नोकरी संध्याकाळची आहे. माझं शेकणं सकाळी. ह्याने मला बसने न्यायचं, बाहेर बाकावर बसायचं, परत आणायचं, सूप करायचं.

आर्गिरो: आणि मलम कोण लावणार?

एव्दोकिया: पुढे लावायचंय, पाठीला नाही. माझा हात पोचतो. हा तेव्हा दाराबाहेर उभा राहील.

स्टमाटिस: ताई, मी नेईन तिला. रोज.

आर्गिरो: तू माझ्याशी बोलू नकोस. आज तरी नको. तू रोज म्हणतोस तेव्हा मला पाइप फुटलेला ऐकू येतो.

स्टमाटिस: बरोबर आहे तुझं.

आर्गिरो: बरोबर आहे म्हणूही नकोस. आई, हा येणार नाही. दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी कुणी पाहुणा किल्ली हरवेल, आणि तू एकटी त्या बसथांब्यावर उभी राहशील.

एव्दोकिया: येईल. झोपायला दुसरी जागा कुठे आहे त्याला?

आर्गिरो: चादरींची खोली आहे ना.

एव्दोकिया: ती आता नाही. ते मी ठरवलंय. लाव त्या बाईला फोन. दोन पलंगांची खोली माग. वेगवेगळे पलंग, जोडलेले नकोत.

आर्गिरो: मला अजून राग आहे. हे नीट ऐकून ठेवा, दोघंही.

एव्दोकिया: मलाही आहे. रागावलेल्या माणसालाही फोन लावता येतो.

आर्गिरो: लागलाय. वाजतोय... हॅलो, मी इकारिया बेटावरून बोलतेय, मघाशी आपलं बोलणं झालं होतं. हो, आईसाठीच. दोन पलंग हवेत, वेगवेगळे. आणि मी येणार नाही, तिच्याबरोबर माझा भाऊ असेल. थांबा, विचारते. आई, ती म्हणतेय दोन खोल्या रिकाम्या आहेत. एक रस्त्याकडची, बाल्कनीवाली, उजेड आहे, हवा आहे. दुसरी मागच्या बाजूची, खिडकीतून नुसती भिंत दिसते. भाडं सारखंच. रस्त्याकडचीच घेते. दिवसभर तुला पडून राहायचंय, निदान माणसं दिसतील.

एव्दोकिया: नको. मागची सांग. हा उशिरा येईल कामावरून, आणि लहानपणापासून ह्याची झोप कुत्र्यासारखी. जरा गाडी वाजली की उठून बसतो.