वैभवी फायनल फायनल

...तं मले सांगा, कॉम्प्युटरवर दोन फायली आहेत, एकीवर लिहिलं आहे 'वैभवी फायनल' अन् दुसरीवर लिहिलं आहे 'वैभवी फायनल फायनल', तं जर्मनीले कोणती पाठवाची? नाही, सांगा ना, तुम्ही सारे शिकलेले लोकं बसले आहा... दुसरीच ना? जिच्यावर दोनदा लिहिलं तीच पक्की, हे तं लहान पोट्टंही सांगन. मीही तेच केलं. अन् तेव्हापासून घरात माह्याकडे असं पाहून राहिले होते का जसा मी पोरीचा पासपोर्टच चुलीत टाकला. आता तुम्हीच सांगा, याच्यात माही काय चूक?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी ईश्वरदास. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये तेहतीस वर्षं टर्बाइनवर काढले, रिटायर झालो, जरीपटक्याच्या मागं घर बांधलं, घरात एक बायको अन् एक पोरगी. ते पोरगी म्हणजे वैभवी. आमचं मूळ घर उमरेडचं, विणकराचं, माहा बाप हातमागावर बसला तो म्हातारा होऊनच उठला. त्याच्या नातीनं कपड्याचं इंजिनिअरिंग केलं अन् आता तिले शिकाचं काय, तं सूत रंगवल्यावर जे पाणी उरते ते साफ कसं कराचं. अन् त्याच्यासाठी जर्मनी. मी म्हटलं, "बाई, पाणी इथं घाण होऊन राहिलं अन् तू साफ कराले तिकडे काहून जातं वं?" तं म्हणे, "बाबा, शिकून येईन ना." त्या गावाचं नाव तिनं मले वीसदा सांगतलं, पण माह्यानं घेतल्या जात नाही, मधात तीन-चार अक्षरं अशी आहेत का तोंडात फुटाणे धरूनच बोला लागते.

आठ महिने, तुमाले सांगतो, घरात दुसरं बोलणंच नाही. ही मार्कशीट, ती मार्कशीट, हे सरचं पत्र, ते मॅडमचं पत्र, अन् एक पत्र तिचं तिनं लिहाचं, का मले तुमच्याइथं काहून यायचं आहे म्हणून. आता आपल्याइथं विचारते काय कोणी ॲडमिशनले, काहून आलास म्हणून? टक्के विचारतेत अन् बसवतेत. वरून जर्मन भाषा. पोरगी सैपाकघरात पाठ करे, तं तिची मायही शिकली, आता ते कुकरच्या शिट्ट्या जर्मनमध्ये मोजते, अन् गॅस बंद कराचा मी, तं तिसरी झाली का चौथी मले काही समजत नाही, वरण एकदा गचका होते, एकदा कच्चं राहते.

मी वरून हसत होतो. पण आतून... आता तुमच्यापासून काय लपवाचं, मले भेव लागून राहिलं होतं. एकुलती एक पोरगी. लोकायचे पोट्टे गेले ते गेलेच ना, फोनवर केक कापतेत अन् इकडे मायबाप टाळ्या वाजवतेत. मले वाटे, तिची एक गाठ इथं बांधून ठेवली, नागपुरातच, तं दोन वर्षांनी ते दोर धरून वापस येईन. म्हणून मी उमरेडच्या जनाआत्याले फोन केला, म्हटलं पोट्टा निर्व्यसनी पाहिजे, घरचं घर पाहिजे, अन् नागपूरचाच पाहिजे. जनाआत्या म्हणजे माही आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, पण अर्ध्या समाजाचे बायोडाटा तिच्या मोबाइलमध्ये, इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. आत्या म्हणे, "पाठव पोरीचं बायोडाटा, हाय माह्या नजरेत एक पोट्टा." मी पोरीच्याच लॅपटॉपवर बसून गुपचूप इंग्रजीत टाइप केलं, वर गणपती टाकला, अन् नाव देलं 'वैभवी फायनल'. पोरीच्या पडद्यावर पन्नास फायली, त्याच्यात एक्कावन्नावी कोणाले दिसते?

आता इथं बायकोनं घोळ केला. त्याच संध्याकाळी तिनं माही फाईल उघडली, पाह्यलं तं मामाच नाहीत! तिचे तीन भाऊ म्यां लिहिलेच नव्हते. तिनं तिघंही टाकले, काटोलचा संत्र्याचा व्यापार टाकला, अन् फाईलचं नाव करून ठेवलं 'वैभवी फायनल फायनल'. मले सांगतलं? नाही सांगतलं. अन् पहाटे पोरीनं तिचा जर्मनीचा बायोडाटा पूर्ण केला अन् त्याले नाव देलं... बरोबर. 'वैभवी फायनल'. अन् मॅडम चालल्या गेल्या उमरेडले, रंगाच्या पाण्याच्या बाटल्या भराले.

त्याच दिवशी शेवटची तारीख. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी फोन. "बाबा, एसटी बंद पडली, माह्या मोबाइलले रेंज नाही, कंडक्टरच्या फोनवरून बोलून राहिली. सारं भरलं आहे, फक्त बायोडाटा चढवाचा राहिला. साडेतीनले बंद होईन, तिकडे तवा बारा वाजतेत. लॅपटॉप उघडा, वैभवी फायनल..." अन् खर्रर्र. फोन बंद. आता मले सांगा, समोर दोन फायली. 'वैभवी फायनल' तं माही होती, म्यांच नाव देलं होतं. मंग दुसरी पोरीची. साधा हिशोब आहे. अन् पोरगी तशीच आहे, कुलूप लावलं तरी दोनदा ओढून पाहते, तं फायनलही दोनदा लिहीन. तुम्ही म्हणसान, उघडून काहून नाही पाह्यली? सात मिनिटं उरले होते बाप्पा! तेहतीस वर्षं टर्बाइन चालवली, पण एवढ्या घाईत बटन कधी दाबलं नव्हतं. दाबलं. चढली. मंग निवांत बसलो अन् दुसरी फाईल, माही म्हणून, जनाआत्याले पाठवून देली. ते काहून नाही उघडली? माहीच फाईल, मीच काय वाचू? याच्यात माही काय चूक?

पाच दिवसांनी जेवताना पोरीच्या मोबाइलवर विद्यापीठाचा मेल आला. ते मोठ्यानं वाचाले लागली, आमाले समजावं म्हणून मराठीत करत करत. तिथली मॅडम लिहिते, "प्रिय वैभवी, तुमची माहिती आवडीनं वाचली. तुमची उंची पाच फूट तीन इंच अन् रंग गहूवर्णी आहे, हे आम्ही नोंदवून घेतलं. तुमच्या तिन्ही मामांचं अभिनंदन. परंतु तुमचा कामाचा अनुभव आम्हाले सापडला नाही." पोरीचा घास हातातच. मी वरणाकडे पाहून राहिलो. बायको छताकडे. "तसंच, अपेक्षा या मथळ्याखाली तुम्ही निर्व्यसनी असं लिहिलं आहे, तं आमच्या आवारात सिगारेट ओढाले बंदी आहे. त्यापुढे तुम्ही लिहिलं आहे, नागपूरचाच हवा. आमचं विद्यापीठ नागपूरले नाही. तरी तुमाले खरंच यायचं आहे काय, हे अठ्ठेचाळीस तासात कळवावं."

पोरीनं मोबाइल खाली ठेवला. ओरडली असती तं बरं झालं असतं. ते हळूच म्हणे, "बाबा, मी जावं असं तुमाले खरंच वाटते काय?" आठ महिन्यात हे मले कोणी विचारलंच नव्हतं, जर्मनीनं तिले विचारलं तवा तिनं मले विचारलं. मी म्हटलं, "नाही वाटत वं. तू गेली तं या घरात मी काय करू? तुही माय जर्मनमध्ये शिट्ट्या मोजन अन् मी ऐकत बसीन. पण तू नाही गेली तं मी तुह्याकडे पाहू कसा? तं जाय." एवढं बोललो अन् म्हटलं, वरणात मिरची जास्त झाली. बायकोनं पाणी देलं. पोरगी उठली, लॅपटॉप आणला, दहा मिनिटात बरोबर फाईल पाठवली, अन् खाली लिहिलं का हो, मले यायचंच आहे, पहिली फाईल बाबांनी प्रेमानं पाठवली होती.

मंग तिनं मान वर केली. "बाबा, माहं लग्नाचं जर्मनीले गेलं, तं माहं जर्मनीचं कुठी गेलं?"

अन् तेवढ्यात जनाआत्याचा फोन. "काहून रे ईश्वर, हे कसं बायोडाटा? जन्मवेळ नाही, मामा नाही! पोरगी नवरा पाहून राहिली का नोकरी?" म्हटलं, "आत्या, तुनं ते पुढं तं नाही ना पाठवलं?" पाठवलं होतं. जरीपटक्याच्या बाजारात पडद्याच्या कापडाचं दुकान आहे ते रुपरावजी, त्यायच्या घरी, त्यायच्या कुशलसाठी. अन् रुपरावजी असा सरळ माणूस, का फाईलच्या खाली चौकशीसाठी म्हणून पोरीच्या कॉलेजच्या सरांचा नंबर होता, तं त्यायनं लावला. "मुलगी कशी आहे जी?" सर म्हणे, "फार मेहनती, सात-सात वाजेपर्यंत लॅबमध्ये थांबते." रुपरावजी म्हणे, "बरं, सैपाक?" सर म्हणे, "त्याची आम्ही परीक्षा घेत नाही."

पण गंमत पाहा, कुशलची माय म्हणे, एवढे बायोडाटा पाह्यले, हे पहिली पोरगी जिनं आपला दोष स्वतःच लिहिला. काय लिहिलं होतं, तं उत्तर सापडेपर्यंत मी उठत नाही. म्हणे, फोन लावू दे पोट्ट्याले. कुशलनं फोन लावला. दीड तास! पोरगी बोलून राहिली, हसून राहिली, कागद काढून काही लिहून घेऊन राहिली. मी बायकोले खूण केली, जमलं. साखर काढ म्हटलं. फोन ठेवल्यावर विचारलं, "काय म्हणे?" तं म्हणे, "चांगला आहे बाबा. हुशार आहे. त्यालेही शिकाले बाहेर जायचं आहे, हॉलंडले, घरी सांगाची हिंमत नव्हती. माह्या फाईलसारखी त्याची करून देईन म्हटलं."

साखर वापस डब्यात.

तं पोरगी सप्टेंबरात गेली. जाताना लॅपटॉपवरची ते लग्नाची फाईल तिनं काढली नाही, नुसतं नाव बदललं. आता त्याच्यावर लिहिलं आहे, 'बाबांनी हात लावू नये'. अन् कुशल फेब्रुवारीत हॉलंडले गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी रुपरावजी माह्या दारात. म्हटलं आता हे मले धरते. तं म्हणे, "ईश्वरदासजी, घर खायले उठते गा." म्हटलं, "या, बसा." त्या दिवशी बसले ते आजपर्यंत. रोज सहा वाजता दुकान नोकरावर सोडून, बायकोले घेऊन येतेत, इकडे आम्ही दोघं चहा पितो, आतमध्ये दोघी बायका जर्मन शिकतेत, अन् तिकडून फोन आला का चौघंही एका मोबाइलवर तुटून पडतो. नाही आले तं मले करमत नाही, मी फोन लावतो, "येऊन राहिले ना?"

परवा जनाआत्या आली होती, मले अन् रुपरावजीले पाहून पदर तोंडाले लावून हसली. म्हणे, "ईश्वर, साठ वर्षांत इतकं बरोबर स्थळ मी कोणाचंच नाही जमवलं. तू निर्व्यसनी म्हटलं, माणूस सुपारीही खात नाही. घरचं घर म्हटलं, दुमजली आहे. अन् नागपूरचाच म्हटलं, तं हा काही कुठी जात नाही."

आता याच्यात माही काय चूक... पण जाऊ द्या, सहा वाजून राहिले, रुपरावजी येतच असतीन.