साहेबांचे गुडघे

घरी बोलावलेल्या साहेबांना काय घालून या ते कधीच सांगू नये. मी कतारला, दोहात एकदा सांगून बसलो.

रास लफानच्या गॅस प्लांटवर आमचे साहेब ॲलन, पक्के स्कॉटिश. चुकून कुणी इंग्लिश म्हटलं की दिवसभर फणफणायचे. माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या सहीसाठी अडलं होतं, म्हणून पोरीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला मी त्यांना अल अझीझियाच्या घरी जेवायला बोलावलं.

"काय घालून येऊ?"

"तुमच्याकडे सणाला घालतात ते."

दार उघडलं, तर साहेब लाल चौकड्यांच्या किल्टमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या स्कॉटिश घागऱ्यात, गुडघे उघडे. आणि माझ्या मागे वसईहून आलेल्या सासूबाई, तशाच लाल चौकड्यांच्या लुगड्यात!

सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी किल्टचा काठ सरळ चिमटीत धरला.

"आई, सोडा! साहेब आहेत माझे."

"असू देत. विचार, कापड किती लागलं?"

मी भीतभीत विचारलं. साहेब छाती फुगवून म्हणाले, "आठ वार. आमच्या घराण्याचं कापड आहे."

सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे कळवळून पाहिलं. "माझं नऊ वार. एक वार कमी पडला रे बाबा, म्हणून गुडघे उघडे राहिले तुझे."

मी विषय बदलणार होतो, पण पोरीनं ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगून टाकलं. साहेब लालबुंद. जेवले, पण मोजकंच बोलले. कॉन्ट्रॅक्ट खलास, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, सही केली आणि टेबलामागून उठून पँटकडे बोट दाखवलं.

"सासूबाईंना सांग, आज कापड पुरलं."